दह्याचं गाडगं

अंगणात दोन भंगार गाड्या उभ्या करून धाकट्या लेकानं तुळशीपर्यंत ऑइल सांडलं, म्हणून हौसाबाई महिनाभर कावलेल्या होत्या. बापाच्या जुन्या मोटारीसाठी त्यानं नव्या तऱ्हेच्या स्प्रिंगा घडवल्या होत्या आणि आधी या गाड्यांवर त्या पारखत होता. खुबा मोडल्यापासून म्हाताऱ्याला धक्का सोसत नव्हता. तरी आपल्याच मोटारीतून एकदा बिरोबाच्या माळाला जायचं, हा हट्ट सुटत नव्हता.

"वाळूची पोती घालून फिरतोस होय रे? पोतं कधी आई गं म्हणतं का?" असं म्हणून हौसाबाई दह्याचं गाडगं मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. खाणीच्या रस्त्यानं जाऊन येईतो पहिल्या गाडीत दह्याचं ताक झालं. धाकट्यानं आठ दिवस खपून दुसरीच्या स्प्रिंगा बदलल्या.

दुसऱ्या गाडीतून उतरल्यावर त्यांनी गाडग्यावरचं फडकं सोडलं. घराच्या खिडकीतून म्हातारा मान उंचावून बघत होता. दही कवडीसारखं घट्ट, पाण्याचा थेंब सुटला नव्हता.

त्यांनी गाडगं धाकट्याच्या हातात ठेवलं. "अंगण नासवलंस ते नासवलंसच. ती वाळू पसर तुळशीपाशी, तेल शोषेल. मग लाव या स्प्रिंगा बापाच्या मोटारीला."