एकच नळी

नशेची पुडी सोडून चाळीस दिवस झाले, तेव्हा एकोणीस वर्षांचा एलिसेओ घरी आला. अंगणात येर्बाच्या पानांचा कडू काढा हातोहात फिरत होता. एकच भांडं, एकच नळी, सगळ्या घराची. ‘आज त्यातला एक घोट मिळाला, तर मी तरलो,’ असं तो वाटभर स्वतःला सांगत आला होता.

आईनं भरलेलं भांडं त्याच्यापुढे केलं, तर बापानं मध्येच हात घातला. “पोरगा असून पोरांचे मुके घेणारं तोंड ते! त्याला वेगळा पेला दे.”

“अहो, लेकरू आहे आपलं,” आई पुटपुटली आणि पेला घेऊन आली.

“आभारी आहे, आई,” एलिसेओ म्हणाला आणि उठून पुडीवाल्याच्या गल्लीकडे चालू लागला.

त्यांच्याकडे काढ्याचं भांडं परत देताना आभार मानतो तो मन भरलेला माणूस, ‘आता मला नको’ असं सांगायला. एलिसेओच्या ओठांना तर नळी शिवलीही नव्हती.