अजिनाथचा सदरा

"अजिनाथचा सदरा कुठं हाय?"

बानाबाईनं तालमीच्या हॉलच्या दारातूनच विचारलं. ना ख्यालीखुशाली, ना घोटभर पाणी. गंगापूरपलीकडच्या वस्तीवरून काळी-पिवळी जीपमध्ये अंग चोरून बसत ती शहरालगतच्या पडेगावला पोचली होती आणि कपाळावरचा घामही तिनं अजून पुसला नव्हता. त्रिंबकला मात्र वाटलं, माय तालीम बघायला आली. पोरानं लिहिलेलं नाटक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलंय म्हटल्यावर कुठली आई घरी बसेल?

"इथंच हाय, माय. तू बस तर खरं. दिसंल तुला."

"पेटी उघडली तं रिकामी. मह्या काळजाचं पाणी झालं."

"परवा आलो तवा मीच आणला. सांगायचं राहून गेलं."

राहून बिहून काही गेलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं दिला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बानाबाईनं पुढं केलेली खुर्ची बाजूला सारली आणि स्टेजसमोर सतरंजीवर बसली.

अजिनाथ थोरला. चार वर्षांपूर्वी मेंढरं चारायला गेला आणि वीज अंगावर पडून तिथंच संपला. आदल्या दिवशी अंगातून काढलेला त्याचा सदरा तेवढा दोरीवर राहिला. तो बानाबाईनं पत्र्याच्या पेटीत ठेवला. रोज सांजेला ती पेटी उघडायची, आत वाकायची, थोडा वेळ तशीच राहायची आणि कडी लावायची. शहरात नोकरी करणाऱ्या त्रिंबकनं सुट्टीत घरी आल्यावर हे कितीदा तरी पाहिलं होतं. नाटकात त्यानं ते जसंच्या तसं घातलं: आई पेटी उघडते, सदरा बघते, पेटी लावते.

तसं पाहिलं तर सगळं नाटकच त्याला घरानं दिलं होतं. बोली मायची, मरण भावाचं, आणि शेवट बापाच्या मेंढवाड्यातला. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून एखाद्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि त्याला पाजते. नाटकातला धाकटा भाऊ तसाच मेलेल्या थोरल्याचा सदरा घालून आईपुढं उभा राहतो आणि आई त्याला छातीशी धरते. पहिल्या फेरीत परीक्षकांनी इथं डोळे पुसले होते. विंगेत उभ्या त्रिंबकनंही पुसले होते. थोरला गेल्यापासून मायनं त्याला असं एकदाही जवळ घेतलं नव्हतं.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. धाकट्याचं काम छावणी भागातला अभय करत होता. निळ्या चौकड्यांचा सदरा घालून तो पुढं आला, तशी बानाबाई ताठ झाली. आईचं काम करणाऱ्या ज्ञानेश्वरीनं हंबरडा फोडला आणि अभयला मिठीत घेतलं.  सगळ्यांचे डोळे नाटकावर नव्हते, बानाबाईवर होते.

ती उठली. स्टेजच्या पायरीपाशी चपला काढल्या आणि वर गेली. अभयला वाटलं, म्हातारी गहिवरली. बिचाऱ्यानं हातसुद्धा पसरले. कुणीतरी मोबाईल बाहेर काढला.

बानाबाईनं त्याचा दंड धरला, काखेपाशी नाक नेलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग कॉलरपाशी. मग पुन्हा काखेपाशी, घाईघाईनं.

त्रिंबकला आत्ता कळलं. माय पेटीत वाकून सदरा बघत नव्हती. चार वर्षं त्यानं ते पाहिलं, लिहिलं, टाळ्या घेतल्या, आणि एकदाही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतः त्यानं तो सदरा कधी नाकाशी नेलाच नव्हता.

"धुतला?" बानाबाईनं विचारलं.

कपडेपट सांभाळणारी सोनिया हौसेनं पुढं आली. "हो ना, मावशी. इतका वास मारत होता! गरम पाण्यात भिजवून दोनदा धुतला, तेव्हा कुठं गेला."

बानाबाईनं दंड सोडला. रडली नाही. अभय घाबरून बटणं काढायला लागला.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "आता तुहाच हाय तो."

त्रिंबक धावत स्टेजवर आला. "माय, चुकलं मह्यं. मला काय ठाऊक, तू..."

"मेंढरामागं वाढला ना रं तू?" तिनं त्याच्याकडं पाहिलं. "कातडं कधी धुतेत व्हय?"

 

ती खाली उतरली, चपला घातल्या आणि दाराकडं निघाली. त्रिंबक पुढं पळाला, दारात तिला आडवा आला आणि लहानपणी बिलगायचा तसा तिला बिलगला. ती क्षणभर उभी राहिली. मग तिनं त्याच्या छातीला तळहात लावून त्याला बाजूला केलं. त्यात राग नव्हता. मेंढीच्या कासेशी चुकून शिरलेलं दुसरीचं कोकरू ती वस्तीवर रोज असंच बाजूला करायची.