मेंढरांची तहान

“अजून एक चिंचोका टाका,” श्रीरंग म्हणाला, आणि टेबलाभोवतीच्या तिन्ही बायकांनी एकदमच उसासा सोडला.

एक चिंचोका म्हणजे एका मुक्कामाचं पाणी. मुक्काम आला की प्रत्येकाने आपल्या ढिगातला एक वाटीत टाकायचा. ज्याचे संपले, तो वाटेत पडला. श्रीरंगने दोन वर्षं खपून हा खेळ रचला होता. कुठल्याशा जुन्या दुष्काळात देवगिरीच्या किल्ल्याकडे निघालेली माणसं. खेळणाऱ्याने त्यातलं एक माणूस व्हायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, अडलं तिथे फासा टाकायचा. बाकी सगळं श्रीरंगच्या नियमांवर. आणि नियम तरी किती! पायाला फोड कधी येतात, ओलं घोंगडं किती जड होतं, सगळं त्यात होतं. त्याच्या खेळात माणूस मरायलाही अर्धा तास लागायचा.

“भाऊ, नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “घरी बादल्या मोजायच्या आन् रविवारी इथं येऊन चिंचोके मोजायचे व्हय? ही करमणूक हाय का शिक्षा?”

ज्ञानेश्वरी ही श्रीरंगच्या बायकोची, स्वरालीची मैत्रीण. दातांची डॉक्टर, मूळची पिशोरची. खेळात ती धनगरीण झाली होती आणि मेंढरं म्हणून तिने दवाखान्यातून कापसाचे बोळे आणले होते. स्वराली झाली होती व्यापारी. डाव मांडला होता श्रीरंगच्या भानुमतीआत्यांच्या घरी, आणि त्या झाल्या होत्या लेकाला भेटायला निघालेली म्हातारी. त्यांना फारसं सोंग घ्यावं लागलं नव्हतं.

“आज शेवटचं,” स्वराली नवऱ्याला म्हणाली. “कंटाळा आला तर पाण्याचा नियम जाणार. कबूल केलंयस तू.”

कबूल केलं होतं खरं. पण पाणी काढलं तर दुष्काळात उरतं काय, हे श्रीरंगला कळत नव्हतं. आधीच त्याने बरंच सोडलं होतं. पहिल्या डावात मेंढरांच्या पाण्याचाही हिशोब होता, तेव्हा आत्यांना बसल्या जागी डुलकी लागली. गंमत राहावी म्हणून त्याने मेंढरांची तहान माफ करून टाकली. आता जिवापाड जपलेला एवढा एकच नियम राहिला होता, तोही जायच्या बेतात होता.

शेवटचं वळण आलं. तिघींपुढचे ढीग संपले होते. पुढे विहीर लागते की नाही, हे फाशावर होतं. आत्यांनी फासा टाकला. लागली.

“पाणी पार तळाला गेलंय,” श्रीरंगने सांगितलं. “माणशी एक चिंचोका. तेवढ्यावर किल्ल्याचा दरवाजा गाठता येईल. ज्याच्याकडे तो नाही, तो पोचणार नाही.”

त्याने तिघींपुढे एकेक चिंचोका ठेवला. ज्ञानेश्वरीने आपला उचलला आणि कापसाच्या बोळ्यांपुढे ठेवला.

“हे काय?”

“मेंढरं पितील आधी.”

“मेंढरांना तहान नाही. तसा नियम आहे.”

“तुमच्या नियमात नसंल, भाऊ. पाणी दिसल्यावर कशी पळत सुटलीत बघा. मी आधी कशी पिऊ?”

“अगं, पण मग तू पोचत नाहीस.”

“आधी जितराब, मंग आपुन,” ती म्हणाली. त्यात वाद नव्हता, हट्ट नव्हता, त्याग-बिग तर मुळीच नव्हता. चप्पल बाहेर काढून घरात शिरावं, तितकं ते साधं होतं.

स्वरालीने मूठ उघडली. तिच्या व्यापाऱ्याने वाटेत एका घोंगड्याच्या बदल्यात आत्यांकडून एक चिंचोका उकळला होता, तो अजून जपून ठेवलेला होता. तिने तो ज्ञानेश्वरीपुढे सरकवला. “हा तू पी.”

ज्ञानेश्वरीने चिंचोक्याकडे पाहिलं आणि तोही कापसापुढे नेला. “येवढ्यानं काय व्हतंय. लई तहानलीत.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो कुणाला ऐकू आला नाही. मग आत्यांनी आपला चिंचोका बोटाने हळूच पुढे ढकलला. स्वराली आपल्या शेवटच्या चिंचोक्याकडे बघत बसली. आजवर तिने पत्त्यांतसुद्धा कुणाला हात सोडला नव्हता. तिने तो उचलला आणि सगळ्यात कडेच्या, जरा चेपलेल्या बोळ्यासमोर ठेवला.

श्रीरंग बघत राहिला. नियमाप्रमाणे आता दरवाजा कोणीच गाठत नव्हतं. हरायला सगळे, जिंकायला कोणी नाही. फोडांचा, ओल्या घोंगड्याचा विचार त्याने केला होता, पण हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चांगल्या शिकल्यासवरल्या तीन बायका कापसाच्या बोळ्यांभोवती श्वास रोखून बसल्या होत्या. आपण रचलेल्या खेळात आपल्याला न विचारता काहीतरी खरं शिरलंय, आणि ते आपल्यापेक्षा फार मोठं आहे, एवढंच त्याला समजत होतं.

त्याने विचारलं, “मग... पाण्याचा नियम काढू का?”

आत्यांनी टेबलावरची नजर हलवली नाही. नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल रे,” त्या म्हणाल्या. “मेंढरं पाणी पितायत. बुजतील.”