दातांची ओळख

शलाकाने रुग्णालयाच्या खिडकीवरची पट्टी चौथ्यांदा चावली आणि यंत्र चौथ्यांदा म्हणालं, "नोंद नाही." माणसाची ओळख दातांच्या ठशावरून पटवायला लागून वीस वर्षं झाली होती. शलाकाच्या जबड्याचं हाड मात्र एका दुर्मिळ आजाराने फुगत चाललं होतं, आणि दर महिन्याला तिचे दात जागा सोडत होते.

"अहो ताई, मीच आहे ती! ऑपरेशन झालं नाही तर महिन्याभरात घाससुद्धा गिळता येणार नाही," ती कारकून बाईंना कळवळून म्हणाली.

"कळतंय हो. पण नोंदीशिवाय दाखल करता येत नाही. नवी व्यक्ती म्हणून नोंदवू का? मग जुनं सगळं रद्द होतं. नाव, घर, मूलसुद्धा."

सहा वर्षांची तन्मयी आईला बिलगून उभी होती. तिला आईशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.

"मी जगले तर हिला परत मागता तरी येईल," शलाका पुटपुटली आणि तिने पट्टी पुन्हा चावली.

"नवी नोंद झाली," यंत्र म्हणालं.

बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "सोबतची मुलगी कोणाची?"

"माझी."

बाईंनी मान खाली घातली, तो रकाना कोरा सोडला आणि बालगृहाला फोन लावला.