नावाचं कडवं

"बुवा, तोंड झाका की नीट. झरी गावात तुमाला कोण वळखत न्हाई?" लिंबाजी ढोलकीवाला दबक्या आवाजात म्हणाला.

भुजंगानं उपरणं नाकापर्यंत ओढलं आणि मांडवाच्या कडेच्या खांबाला टेकून बसला. काय दिवस आले होते बघा! ज्याच्या गायन पार्टीसाठी लोक लग्नाची तारीख पुढं ढकलायचे, तो माणूस आज चोरासारखा दुसऱ्याचं गाणं ऐकायला आला होता. आणि दुसरा तरी कोण? नागनाथ! कालपर्यंत त्याच्याच पाठीमागं बसून गिटार वाजवणारा!

नागनाथ पार्टीत आला तेव्हा पेटी, ढोलकी आणि बेंजो, एवढाच संसार होता. त्यानं हैदराबादहून विजेवरची गिटार आणली, भोंग्याला जोडली आणि अशी खणाणून वाजवली की जवान पोरं झाडावर चढून बघायला लागली. राहायला, जेवायला तो भुजंगाच्याच घरी. भुजंगाची बायको भागू त्याला चुलीपुढंच ताट वाढायची. तो गिटार छेडायचा आणि ही भाकरी थापता थापता म्हणायची, "असं न्हाई रं बाबा. अजून हळू." भुजंगाला हसू यायचं. बाईमाणसानं सुरात कशाला नाक खुपसावं?

गेल्या साली भागू वारली. तेव्हापासून भुजंगाचं एकही नवं गाणं आलं नव्हतं. बायकोच्या दुःखानं बुवाची वाणी आटली, असं लोक हळहळत म्हणायचे. भुजंग मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

नागनाथची आणि त्याची जुंपली ती यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला. "बुवा, एक गाणं मला म्हणू द्या," म्हणाला.

"तू तार छेड. गळा काय बाजारात इकत मिळायलाय?" भुजंग सगळ्यांदेखत बोलला.

नागनाथनं गिटार उचलली, जय भीम केला आणि चालता झाला. आज बुद्ध पौर्णिमेला झरीच्या विहारापुढं त्याचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता, आणि म्हणे शेवट तो भुजंगाच्या लेकरावरच्या गाण्यानं करणार होता.

तेवढ्यासाठीच भुजंग आला होता. गायन पार्टीत एक रीत असते. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. तो गाण्याचा सातबाराच म्हणा ना. गाणारा कुणीही असो, नाव बदलायचं नाही. बदललं तर तो चोर, आणि चोराला पुन्हा कुठलंच गाव बोलवत नाही.

"नाव बदलू दे त्याला," भुजंग म्हणाला. "अख्ख्या गावासमोर चोर म्हणतो का न्हाई बघ."

"आणि न्हाई बदललं तर?"

"बदलणारच. त्याला मोठं व्हायचंय."

ते गाणं होतंही तसंच. भुजंगाचं एकुलतं एक लेकरू तापात गेलं, त्या सालातलं. लेकरू गेल्याचा निरोप त्याला पिंगळीच्या मांडवात मिळाला होता, ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमात. पुढं ते गाणं जाईल तिथं बाया पदर डोळ्याला लावायच्या. "बापाचं काळीज असं असतंय गं माय!" म्हणायच्या. शेवटचं कडवं तर पोरासोरांनाही पाठ होतं:

*चूल विझली, धूर निवला, तारे आभाळी पांगले,*
*भुजंग म्हणे, लेकराच्या उशाशी मी जागलो.*

एकदा दिनकरराव गुरुजींनी हटकलं होतं, "बुवा, यमक जुळत नाही."

"गुरुजी, दुःखाला कुठं यमक असतंय?" भुजंग म्हणाला होता, आणि गुरुजीच बिचारे ओशाळले होते.

दिवस मावळायला नागनाथनं ते गाणं धरलं. आवाज कसला, नुसती खरखर! वरच्या सुराला तर फाटलाच. पुढं बसलेली पोरं फिदीफिदी हसली. भुजंगाला बरं वाटलं. कशाला खोटं बोला, लय बरं वाटलं.

दुसऱ्या कडव्याला नागनाथनं ओळ सैल सोडली, मध्येच थांबला आणि मग हळूच उचलली.

"चुकला!" भुजंग पुटपुटला.

पण पोरं हसायची थांबली होती. एक म्हातारी हुंदका दाबत होती. लिंबाजीसुद्धा नाक पुसायला लागला. त्या फाटक्या आवाजात कुणी काम करता करता स्वतःशीच रडावं तसं काहीतरी होतं. भुजंगाला भागूची आठवण झाली. आज ती इथं असायला पाहिजे होती, असं वाटलं. आणि लगेच वाटलं, नाही तेच बरं.

शेवटचं कडवं आलं. भुजंग मनात ताल मोजत होता. 'नागनाथ म्हणे' असं घातलं की ओळ मोडणार. लांब पडतंय ते नाव. कसा बसवतो, बघूच!

त्यानं उपरणं खाली फेकलं आणि उभा राहिला. माणसं मागं वळून बघायला लागली. "अरे, भुजंगबुवा!" कुजबुज पसरली. स्टेजवरून नागनाथनंही पाहिलं. दोघांची नजर मिळाली. नागनाथचे डोळे भरून आले होते, पण नजर हलली नाही. त्यानं तारांवर तळवा ठेवून गिटार गप्प केली. नागनाथच्या साथीदाराची ढोलकीही थांबली. 'चोर' हा शब्द भुजंगाच्या ओठांवर येऊन थांबला होता.

नुसत्या गळ्यानं नागनाथनं उचललं:

*चूल विझली, धूर निवला, तारे आभाळी पांगले,*
*भागू म्हणे, लेकराच्या उशाशी मी जागले.*