वावरातलं वारं

“लाल लाललेच लावली न?” संघर्षनं पत्र्यावरून ओरडून विचारलं.

“हाव! तुमी फक्त गोधडी धरून बसा,” त्याची बायको मंजुश्री खालून ओरडली.

मे महिन्याची दुपार. पत्र्यावर बारदान टाकून संघर्ष उकिडवा बसला होता. समोर नवी कोरी सोलर प्लेट. वायरी जोडेपर्यंत प्लेट झाकून ठेवावी, म्हणजे करंट येत नाही, असं मंजुश्रीनं मोबाइलवर पाहिलं होतं. संघर्षला दुसऱ्याच्या शेतात पंपाच्या पेटीचा झटका एकदा बसला होता. त्यामुळे ही सूचना त्याला फारच पटली. त्यानं एकीच्या जागी दोन गोधड्या टाकल्या होत्या.

विजेचा खांब त्यांच्या वावरापर्यंत, शेतातल्या या घरापर्यंत आलाच नव्हता. सोमवारी संघर्षचे वडील गुलाबराव उन्हानं चक्कर येऊन ओट्यावर पडले. तेव्हापासून खामगावच्या थोरल्या भावानं, प्रेमनं, फोनवर एकच धोशा लावला होता, मायबापाले घेऊन जातो. आज संध्याकाळी तो गाडी घेऊन येणार होता. काल उन्हं उतरल्यावर गुलाबराव निरोप घ्यावा तसे सगळ्या बांधांवरून एकटेच फिरून आले. आता ते आत बाजेवर झोपले होते, छातीवर ओला पंचा टाकून. रात्रभर संघर्षच्या आईनं, जनकाबाईंनी, त्यांना हातपंख्यानं वारा घातला होता.

मंजुश्रीनं बॅटरीच्या वायरी भिंतीवरच्या कंट्रोलरला जोडल्या. प्लेटची वीज बॅटरीत भरणारा हाताएवढा तो डबा. त्याची काच एकदम निळी उजळली आणि आकडे आले.

“आत्याबाई! आलं! पाहा, आलं!”

जनकाबाई मिरच्यांचे देठ काढायचे सोडून धावतच आल्या. “पंखा लागला काय?”

“नाही, बॅटरीच दिसून राह्यली. आता प्लेट जोडतो.”

बॅटरी निम्मीही भरलेली नव्हती. प्लेट चालली नाही तर पंखा रात्रीपर्यंतही टिकला नसता. मंजुश्रीनं पदरानं हात पुसले, प्लेटच्या वायरी खोचल्या, स्क्रू आवळले. काचेवर आता सूर्याचं छोटं चित्र यायला हवं होतं.

आलं नाही.

तिनं स्क्रू सैल केले, वायरींची टोकं पुन्हा पिळली, फुंकर मारली, पुन्हा आवळले. लाल लाललाच होती. काळी काळीलाच.

“आलं काय?” वरून आवाज.

“नाही.”

“म्हनलं होतं मी तुले. जामोदहून मिस्त्री बोलावू.”

“तो उद्या आला असता. भाऊजी आजच येऊन राह्यले!” बोलता बोलता मंजुश्रीचा आवाज चिरकला. तिनं काचेवर बोट आपटलं.

जनकाबाई अंगणात गेल्या. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग पुन्हा पत्र्याकडे.

“मंजुश्री,” त्या म्हणाल्या, “हे ऊन गोधडीतून आत जाते काय वं?”

मंजुश्री खाली बसून खदखदा हसायलाच लागली. संघर्षनं दोन्ही गोधड्या एवढ्या जोरात ओढल्या, की तो बारदानावरून सरकून तापल्या पत्र्यावर बसला आणि “मेलो व माय!” म्हणत ताडकन उभा राहिला.

काचेवर सूर्य उगवला. त्याच्यापासून बॅटरीकडे जाणारा बाण लुकलुकू लागला.

“आलं! आलं! उतरा लवकर!”

संघर्ष एक चप्पल वरच विसरून शिडी उतरला. पंख्याची वायर मंजुश्रीच्या हातातून घेऊन त्यानं स्वतःच खोचली. तोंड फिरवून, पण खोचली. टेबलपंख्याची पाती जराशी अडखळली, हलली आणि मग दिसेनाशी झाली. बाजेवरच्या ओल्या पंच्याचं टोक उडालं. तिघांनीही ओरडू नये म्हणून तोंडावर हात दाबले.

संघर्ष अंगणात पळाला आणि त्यानं फोन लावला. “दादा, जय भीम. निघाला काय? ये, ये. पण जेवायलेच ये. मुक्काम कर वाटलं तं. वारं सुटलं अठी!”

आत गुलाबरावांनी कूस बदलली. वारा तोंडावर आला. डोळे न उघडताच ते पुटपुटले, “जनके, पुरे कर वं आता. हात दुखतीन तुये.”

जनकाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“नाही दुखत,” त्या म्हणाल्या. “झोपा तुमी.”