सोडवलेली गिरवी

खोल्या दोन. खिडक्या तीन, त्यांतली एक न उघडणारी. काचबंद बाल्कनी एक, तिच्यात आंबट आलूबुखाऱ्याच्या चटणीच्या अकरा बाटल्या. भिंतीला टेकवलेला पियानो एक. भाडेकरू एक, वय एक्क्याऐंशी.

बेकाने मोजायची पट्टी गुंडाळली.

"काय मोजतोयस एवढं?" एतेरी मावशी म्हणाल्या. "नऊ वर्षांत बोटभरही वाढलेलं नाही हे घर. बस, राजमा खा. हडकलायस नुसता. रसायनशास्त्र शिकून कुणाचं पोट भरलंय?"

"मावशी, पोटाचंच बोलायचं होतं."

नऊ वर्षांपूर्वी आईने हे घर मावशींना गिरवीने दिलं होतं. त्बिलिसीत तशी रीतच होती. मावशींनी अठरा हजार डॉलर एकरकमी दिले. राहतील तोवर भाडं नाही, पैशाला व्याज नाही. घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत. त्या पैशांत बाबांच्या आजारपणाचं देणं फिटलं आणि आईचे इटलीला जायचे कागद झाले. तेव्हापासून आई बारी शहरात एका म्हाताऱ्याचं सगळं करत होती. ती महिन्याला चारशे डॉलर पाठवी आणि त्यावर आजीच्या घरी राहणाऱ्या बेकाचं आणि आजीचं चाले.

आता शहरात परदेशी लोकांची रीघ लागली होती. असल्या घराला सातशे मिळत होते. बेकाने बँकेत विचारलं. अठरा हजारांचं कर्ज, दहा वर्षं, अकरा टक्के. हप्ता दोनशे अठ्ठेचाळीस. भाड्यावरचा कर पस्तीस. हातात उरत होते चारशे सतरा. म्हणजे आईच्या चारशेपेक्षा सतरा जास्तच.

त्याने हिशेब तीनदा तपासला, मग बारीला फोन लावला.

"म्हणजे मी येऊ?" आईने विचारलं. "नीट बघ हं. इथलं काम सुटलं की परत मिळायचं नाही."

"ये."

"आणि एतेरी?"

"त्यांचे पैसे पुरते देतोय ना. एक डॉलर कमी नाही."

"मी इथे परक्या म्हाताऱ्याला भरवतेय," आई म्हणाली, "आणि आपल्या म्हातारीला..." तिकीट मात्र तिने काढलं.

पैसे बँकेतच दिले. मावशींनी पाकीट न उघडता पर्समध्ये टाकलं.

"मोजून घ्या, मावशी."

"काय मोजू? मी मेले की तुमच्याकडेच राहायचे होते ते. मला मागे कोण आहे?"

"आईला कधी बोलला नाहीत?"

"असं बोलू नये, बाळा. बोललं की माणसं वाट बघायला लागतात."

कर्जाच्या कागदांवरची त्याची सही अजून ओली असावी. तिकडे आईने काम सोडल्याचं कळवून टाकलं होतं. परत फिरायला वाट नव्हती.

"महिनाअखेरपर्यंत राहा, घाई नाही," तो म्हणाला. हे औदार्य त्याचं त्यालाच टोचलं. "राहायचं कुठे बघितलंय का?"

"बघितलंय एक. जागा चांगली आहे. मालक जरा हिशेबी आहे, पण मनाचा वाईट नाही."

तेवढ्यावर त्याने समाधान मानलं.

आठवड्याने दलालीण रुसुदानबाईंचा फोन आला. "नशीब काढलंस पोरा! गिऱ्हाईक मिळालं. सातशे म्हणजे सातशे, घासाघीस नाही. घर बघायचंसुद्धा नाही म्हणे."

"न बघता घेणार?"

"हल्ली फोटोवरच घेतात सगळे. तुला काय करायचंय? एक तारखेला करार घेऊन जा म्हणजे झालं."

एक तारखेला बेका जिना चढला. किल्ली कुलपाशी नेली, तोच दार आतून उघडलं.

"वेळेवर आलास," एतेरी मावशी म्हणाल्या. "मालकाने असंच असावं. सही कुठे करू?"

टेबलावर बँकेतलं ते पाकीट होतं, शेजारी शंभराच्या सात नोटा नीट एकावर एक ठेवल्या होत्या. पियानो जागचा हलला नव्हता.

"मावशी, तुम्ही तर म्हणालात, जागा बघितलीय..."

"बघितलीय की. नऊ वर्षं बघतेय. या वयात नव्या जिन्याशी ओळख कोण करून घेणार? आई कधी उतरतेय?"

"परवा."

"थेट इकडेच आण तिला जेवायला. आणि उभा काय राहिलास? लिही."

करारात मुदतीची जागा रिकामी होती. बेकाने पेन उघडलं.

अठरा हजार भागिले सातशे. पंचवीस महिने, बाकी पाचशे.